मायक्रोट्यूब्यूल वळले, की तुमच्या लेझरने वळवले?

अंधारात वाढवलेल्या अरॅबिडॉप्सिस या छोट्या प्रयोगशाळेतल्या रोपाच्या हायपोकोटिलमध्ये (बीजपत्रांखालच्या कोवळ्या खोडात) भराभर लांबणाऱ्या पेशी पाहा. पेशीपटलाखालचे मायक्रोट्यूब्यूल, म्हणजे प्रथिनाच्या बारीक नलिका, बहुतेक आडवे, वाढीच्या दिशेला काटकोनात असतात. औषध दिल्यावर ते उभे दिसले की नवखा निष्कर्ष लिहून मोकळा होतो. थांबा. औषध न देताही तेच दिसतं का, हे आधी तपासा.

जीएफपी या हिरव्या चमकणाऱ्या प्रथिनासाठी वापरतात तो 488 नॅनोमीटरचा लेझर निळाच असतो. निळा प्रकाश फोटोट्रोपिन या प्रकाश ओळखणाऱ्या प्रथिनामार्फत हीच मांडणी अर्ध्या तासाच्या आत आडव्याची उभी करू शकतो. हे कसं होतं, ते 2013 मध्ये दाखवलं गेलं. एक नलिका दुसरीवरून जाते त्या फुलीपाशी कॅटॅनिन हे नलिका कापणारं प्रथिन तिला कापतं. कापल्यावर तयार झालेलं नवं टोक विरघळलं नाही, वाढू लागलं, तर एकीच्या दोन होतात. आडव्यांच्या गर्दीत उभी नलिका पावलोपावली कुणाला तरी ओलांडते, म्हणून कापलीही तीच जास्त जाते आणि उभ्यांची संख्या झपाट्याने वाढते. तुम्हाला वाटतं औषध लागू पडलं!

लेझरच्या आधीच घोळ होतो, हे कुणी सांगत नाही. आयपीसमधून पेशी शोधताना निळा दिवा पाच-सात मिनिटं चालूच राहतो. त्यापेक्षा एमचेरी-टीयूए5 (नलिकेच्या प्रथिनाला जोडलेलं लाल चमकणारं प्रथिन) असलेली रोपं घ्या आणि 561 नॅनोमीटरवर बघा; फोटोट्रोपिनला तो प्रकाश जाणवत नाही. प्लेट दुहेरी फॉइलमध्ये गुंडाळा, 22 अंशांवर तीन दिवस ठेवा, स्लाइड मंद हिरव्या दिव्यात करा. प्रत्येक वेळबिंदूला नवं रोप. जीएफपीशिवाय इलाजच नसेल, तर नुसतं डीएमएसओ (औषध ज्यात विरघळवतात तो द्रव) दिलेलं रोपही तितक्याच लेझरखाली, तितकीच मिनिटं ठेवा, आणि कोन पहिल्या फ्रेमवरच मोजा. कंट्रोल नंतर करू म्हणणाऱ्या सीनियरचं मुळीच ऐकू नका. तुमच्याशेजारी अर्धा तास मायक्रोस्कोपवर बसणारा सीनियर मिळाला, तर त्याला सोडू नका.

फायब्रिलटूल हे चित्रातली दिशा मोजणारं सॉफ्टवेअर सरासरी कोन काढून देतं, पण आडव्या-उभ्यांची सरमिसळ झाली की त्या सरासरीला अर्थ उरत नाही. आधी डोळ्यांनी बघा.

बाकीचं तसं सोपं आहे, घाबरू नका. जीएफपी-एमबीडी (नलिकांना बाहेरून चिकटणारं जीएफपी) नलिकांना बांधून ठेवतं, त्यामुळे त्यांच्या वाढीचा वेग मोजायला ते नको. जीएफपी-टीयूए6 (नलिकेच्या प्रथिनालाच जोडलेलं जीएफपी) मध्ये रोपंच पिळवटलेली वाढू शकतात. वेगासाठी दर पाच सेकंदांना एक फ्रेम पुरते. कव्हरस्लिप दाबू नका, दाबानेही दिशा बदलते. रोपं बर्फावर ठेवू नका, थंडीने नलिका विरघळतात. आणि नलिका फक्त 25 नॅनोमीटर जाड असते, तेव्हा ठळक रेघ दिसली तर ती एकच आहे असं धरून मोजू नका. बऱ्याचदा ती जुडी असते.

तरीही शंका उरली तर कॅटॅनिन नसलेला म्युटंट औषध न देता त्याच निळ्या प्रकाशाखाली धरा. त्यात नलिका वळत नसतील आणि साध्या रोपात वळत असतील, तर दोष औषधाचा नाही, दिव्याचा आहे.