चाक कुणाकडून बांधून घ्यायचं?

मी लातूरच्या मार्केट यार्डात आडतीवर मुनीम आहे. वजन 94 किलो, आणि हा आकडा अंदाजाचा नाही, आमच्याच काट्यावरचा आहे. नाद एकच, लांब पल्ल्याची सायकल. 200 किलोमीटरची ब्रेव्हे, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुरी करायची लांबची फेरी, साडेतेरा तासांत, 300 ची 20 तासांत उरकायची असते. त्या वेळाच्या मागं धावताना मागच्या चाकाच्या तारा इतक्या तोडल्या, की शेवटी तयार चाकाचा नाद सोडून हातानं बांधलेलं चाक घ्यायचं ठरवलं. त्यात पैसे बुडवून जे कळलं ते सांगतो.

पहिली तार औशाच्या अलीकडं गेली. 'टिंग' असा आवाज झाला आणि रिम ब्रेकला घासायला लागली. दुकानदारानं नवी तार घातली, चाकाचा आउट, म्हणजे वाकडेपणा, काढला, झालं. पंधरा दिवसांनी दुसरी गेली. मग तिसरी. दर वेळी चेनच्या बाजूची, आणि दर वेळी हबजवळ, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्याजवळ, जिथं तारेला कोपर असतो तिथंच. "साहेब, तुमच्या वजनानं तुटायलीत," दुकानदार म्हणाला, आणि मी मुकाट्यानं ऐकून घेतलं. तिथंच चुकलो.

बैलगाडीच्या चाकात लाकडी आरे खालून भार पेलतात. सायकलच्या चाकात तसं नाही. सगळ्या तारा आधीच ताणून बसवलेल्या असतात, आणि जी तार फिरत खाली येते तिचा ताण तेवढ्यापुरता कमी होतो, वर गेली की परत येतो. हे एका किलोमीटरला साधारण पावणेपाचशे वेळा होतं. तार मुळातच ढिली असेल तर खाली आल्यावर ती पार सैल पडते, आणि कोपराशी मागंपुढं वाकते. कुंपणाची तार आपण हातानं वाकवून वाकवून तोडतो ना, तसंच. म्हणजे तारा जास्त आवळल्यानं नाही, कमी आणि कमीजास्त आवळल्यानं तुटत होत्या. एका चाकातल्या दोनतीन तारा अशा गेल्या की बाकीच्याही तेवढ्याच थकलेल्या असतात. मग एकेक बदलत बसू नका, सगळं चाक नव्या तारांनी बांधून घ्या.

मी बांधून घेतलं, पण फोनवर फोटो बघून. पुण्यातल्या एकाकडून. पुढं 20 तारा, मागं 24, निपल, म्हणजे तारेला रिममधे आवळणारी नळीसारखी चाकी, लाल रंगाचे अॅल्युमिनियमचे. दिसायला नवरदेवाची घोडी. त्यानं मला एकच प्रश्न विचारला होता: "रंग कोणता?" तीनशे किलोमीटरच्या आत मागचं चाक आउट झालं. फोन केला तर म्हणाला, घेऊन या, फुकट करून देतो. लातूरहून पुणं सव्वातीनशे किलोमीटरच्या पुढं. एसटीत चाक मांडीवर घेऊन बसायचं?

तेव्हा माझी पहिली कसोटी ही: पैशाचं बोलण्याआधी कारागीर तुम्हाला काय विचारतो ते बघा. वजन किती, सामान किती लादता, रस्ता कसला, ब्रेक रिमचा की डिस्कचा, मागं किती गिअर, टायर किती रुंद, आधीचं चाक कशानं गेलं. हे विचारल्याशिवाय जो भाव सांगतो त्याला रामराम करा. आमच्याकडं काळ्या मातीवरचे रस्ते पावसाळ्यानंतर लाटा मारतात, ऊसतोडीच्या हंगामात ट्रॅक्टर-ट्रॉल्यांनी कडा खचतात. हे ऐकून जो थांबतो, आणि "मग तुम्हाला मागं 36 तारा लागतील, पुढं 32 चालतील" म्हणतो, तो माणूस कामाचा. मागच्या चाकावर भार जास्त येतो, म्हणून तिथं तारा जास्त. हलक्या माणसाला 28 सुद्धा पुरतील, पण हे त्यानं तुमच्याकडं बघून ठरवायला हवं, दुकानात पडलेल्या मालाकडं बघून नाही.

दुसरं, तारेचं बोला. मधे बारीक केलेली स्टेनलेस तार, म्हणजे टोकांना 2 मिलिमीटर आणि मधे 1.8, जड माणसालाही चांगली. बारीक तार कमजोर असणार असं मलाही वाटायचं. पण मधला भाग थोडा ताणला जातो आणि कोपरावरचा मार कमी होतो. डीटी स्विस किंवा सॅपिम या कंपन्यांच्या तारा मागा. निपल पितळेचेच घ्या. अॅल्युमिनियमच्या निपलनं वाचतात ते काही ग्रॅम, तेवढे मी संध्याकाळच्या भज्यांत भरून काढतो. आणि कोपराचीच तार घ्या. बिनकोपराच्या सरळ तारेचे हब देखणे असतात, पण उदगीरला संध्याकाळी सातला तार तुटली तर सरळ तार कोण देणार? 2 मिलिमीटरची कोपरवाली, योग्य लांबीची मिळाली तर कोणतंही दुकान तुम्हाला घरापर्यंत पोचवतं. म्हणून चाक घेतानाच प्रत्येक लांबीच्या चारचार जादा तारा मागून घ्या. मागच्या चाकात दोन्ही बाजूंची लांबी सहसा एकदोन मिलिमीटरनं वेगळी असते, पुड्यांवर लिहून घ्या.

लांबीवरून आणखी एक परीक्षा. विचारा, "रिम तुम्ही स्वतः मोजता की कंपनीचा आकडा धरता?" चांगला कारागीर हातात आलेली रिम मोजतो. तार तोकडी पडली तर निपलच्या डोक्यापर्यंत पोचत नाही, आणि मग निपलचं डोकंच तुटतं. लांब झाली तर आटे संपतात आणि पुढं आवळताच येत नाही.

तारा एकमेकींना छेदून जातात, ते नक्षीसाठी नाही. अशा तिरप्या तारांचं पेटंट जेम्स स्टार्ली यांनी 1874 मध्ये घेतलं. पायडलचा जोर हबकडून रिमकडं जातो तो या तिरपेपणामुळं. 32 आणि 36 तारांच्या चाकात एक तार तिघींना छेदते, तेच मागा. डिस्क ब्रेक असेल तर पुढच्या चाकालाही. "न छेदता सरळ तारा मारतो, भारी दिसतं" म्हणणाऱ्याला दिसण्याचं काम द्या, चाकाचं नको.

आता ताणाचं, आणि खरी गोम इथंच आहे. आमच्या यार्डात जुने व्यापारी सोयाबीनचा दाणा दाताखाली धरून ओलावा सांगतात, आणि बहुतेक वेळा बरोबर सांगतात. तरी शेतकरी म्हणतो, मशीन लावा. हमीभावाच्या खरेदीला ओलावा 12 टक्क्यांच्या आत लागतो, तिथं दात चालत नाही. चाकाचंही तसंच. ताण मोजायचा मीटर असतो, पार्क टूल कंपनीचा निळा बऱ्याच जणांकडं दिसतो. कारागिराकडं तो आहे का, आणि प्रत्येक तारेचा आकडा कागदावर लिहून देतो का, हे विचारा. मागच्या चाकात चेनच्या बाजूला साधारण 100 ते 120 किलो ताण असतो, रिम किती सोसते त्यावर. डाव्या बाजूला त्याच्या निम्म्याहून थोडा जास्त. डावीकडं कमी का, म्हणून भांडू नका, गिअरमुळं चाक तिरकं ओढावं लागतं त्याचा तो हिशोब आहे. मात्र एकाच बाजूच्या तारांत दहा टक्क्यांपेक्षा फार फरक नको. कागद द्यायला जो खळखळ करतो, त्याच्याकडं मीटर नाही किंवा आकडे दाखवण्यासारखे नाहीत.

चाक हातात आलं की घरी तपासा. पुढच्या चिमट्याला एक प्लास्टिकची पट्टी बांधून टोक रिमजवळ आणा आणि चाक फिरवा. फट पोस्टकार्डाच्या जाडीपेक्षा जास्त हलता कामा नये. मग पुढचं चाक काढून उलटं बसवा. फट तीच राहिली तर रिम मधोमध आहे. व्हॉल्व्हचं भोक दोन जवळपास समांतर तारांच्या मधे हवं, नाहीतर पंप लावताना बोटं सोलतात. त्या भोकातून खाली बघितलं आणि हबवरचं नाव दिसलं, तर समजा माणूस हौशी आहे. पहिल्याच चक्करला चाकातून टिकटिक, किणकिण ऐकू आलं तर तारांना बसलेला पीळ सोडवायचा राहिलाय. आवळताना चावी थोडी पुढं नेऊन परत मागं घेत तो काढायचा असतो, घाईचा कारागीर नेमकं तेच गाळतो.

मजुरी आणि सामान वेगळं लिहून घ्या, आणि 300 किलोमीटरनंतरची तपासणी त्यात धरलीय का ते आधी बोला. माझा सध्याचा कारागीर छत्रपती संभाजीनगरचा. तोही लांबच, पण चाक खोक्यात घालून पाठवतो, कागद देतो, आणि म्हणतो, "पहिली तपासणी तुमच्या गावातल्याकडून करून घ्या, मी फोनवर बोलतो त्यांच्याशी."

गावातले म्हणजे गंजगोलाईजवळचे चाचा. दूधवाल्यांच्या सायकली बांधण्यात त्यांचा जन्म गेला. मीटर त्यांनी कधी हातात धरलेला नाही. मी चाक घेऊन गेलो, कागद पुढं केला. त्यांनी तो गल्ल्याखाली सरकवला, चाक मांडीवर घेतलं आणि नखानं एकेक तार छेडत गेले. "हर तार कू आवाज रहती," म्हणाले. डावीकडच्या एका तारेशी थांबले, शेजारणीला छेडलं, पुन्हा हिला. मी वाकून कागद ओढला. त्यावर दोघींचा आकडा सारखाच होता, पण तो तीनशे किलोमीटरपूर्वीचा. चाचांनी चावी लावली, पाव फेरा आवळलं, परत छेडून बघितलं, आणि चाक माझ्या हातात देऊन दूधवाल्याच्या सायकलीकडं वळले.