शेतावरचा मटण-भाजीचा शेअर घेताना

अमेरिकेत छोट्या सेंद्रिय शेताचा हंगामी शेअर, म्हणजे आधी पैसे भरून हंगामभर मिळणारा शेतमालाचा वाटा, घेतला की मटण स्वस्त वाटतं, पण घरी येतं ते कमीच. दर बहुधा ‘हँगिंग वेट’वर, म्हणजे सोललेल्या अख्ख्या धडावर असतो. 40 पौंडांचं धड कापून-बांधून 30 च्या आसपास भरतं.

1. खाटकाची कापण्या-बांधण्याची मजुरी धरून एकूण रक्कम भागिले हाती येणारे पौंड, खरा भाव तो.
2. धड कसं कापायचं ते खाटकाला सांगणाऱ्या कटिंगच्या फॉर्मवर ‘हाडासकट, दीड इंची तुकडे’ लिहा. कलेजी, पाये हवेत तर तेही. नाहीतर चॉप्स येतात नि रश्श्याला काही उरत नाही.
3. फ्रीझरमध्ये 30 पौंडांना एक घनफूट जागा धरा.

करवतीमुळे तुकड्यांना हाडाचा भुगा चिकटतो, शिजवण्याआधी धुवा.

भाजीचा पहिल्या वर्षी अर्धाच शेअर पुरे. गाजर-बिटाचा पाला आल्याआल्या छाटा, नाहीतर कंद सुरकुततात.