उत्तर अमेरिकेतील देशी फुलझाडांचे सुधारित वाण : या चुका टाळा

एकिनेशिया, रुडबेकिया, मोनार्डा, फ्लॉक्स ही मूळची उत्तर अमेरिकेतील बहुवर्षायू फुलझाडे आता तिथल्या घरबागांमध्ये हौसेने लावली जातात, आणि न्यू जर्सी किंवा इलिनॉयमध्ये स्थायिक झालेली मराठी कुटुंबेही ती लावतात. मात्र रोपवाटिकेतून आणलेले रोप बहुधा रानातल्या मूळ जातीचे नसते. ते निवडीने किंवा संकराने तयार केलेल्या वाणाचे असते. बहुतेक तक्रारींचे मूळ इथेच आहे, कारण वाण नेमका कशासाठी सुधारला आहे हे न पाहता तो सर्वच बाबतींत सरस असणार, असे आपण गृहीत धरतो.

एकिनेशियाचेच पाहा. जांभळट गुलाबी फुलांची एकिनेशिया परप्युरिया ही काटक जात आहे आणि पेरेनिअल प्लांट असोसिएशन या बहुवर्षायू झाडांच्या अमेरिकी संघटनेने 1998 मध्ये गौरवलेला ‘मॅग्नस’ हा वाण त्याच जातीतला आहे. अलीकडच्या नारिंगी आणि पिवळ्या वाणांमध्ये मात्र पिवळ्या फुलांच्या एकिनेशिया पॅराडॉक्साचा अंश असतो, जी मध्य अमेरिकी संस्थानांतील ओझार्क या डोंगराळ परिसरातील कोरड्या, खडकाळ माळांवर वाढते. असे रोप चिकणमातीच्या सपाट वाफ्यात लावले, तर हिवाळ्यात साचलेल्या ओलीने त्याचे बूड कुजते. एप्रिलमध्ये मेलेले रोप पाहून दोष थंडीला दिला जातो, शिवाय लेबलवरचा झोन तर बरोबर होता, म्हणून आश्चर्यही वाटते. अमेरिकेच्या कृषी खात्याचा झोन-नकाशा, जो 2023 मध्ये सुधारला गेला, हिवाळ्यातील नीचांकी तापमानाची सरासरी सांगतो. निचरा, उन्हाळ्यातील दमटपणा किंवा मातीचा पोत त्यावरून कळत नाही. त्यामुळे या वाणांसाठी वाफा उंच करावा, फुटवे जिथून निघतात ते बूड मातीच्या पातळीवरच ठेवावे, त्यावर आच्छादनाचा ढीग रचू नये आणि लागवड शरदात उशिरा करण्याऐवजी वसंतात करावी. पहिल्या हंगामात सुरुवातीच्या कळ्या खुडाव्यात. मन धजत नाही हे खरे, पण बूड जाड होऊन बाजूला फुटवे आल्याखेरीज रोपाला हिवाळा झेपत नाही.

दुसरी चूक फुलाच्या आकाराबाबत होते. मधमाश्या आणि फुलपाखरे यावीत म्हणून देशी झाड लावायचे आणि निवड मात्र ‘पिंक डबल डिलाइट’सारख्या दुहेरी फुलांच्या वाणाची करायची, यात हेतूच बाजूला पडतो. एकिनेशियाच्या मधल्या उंचवट्यावर शेकडो बारीक फुले असतात आणि कीटकांना पराग व मकरंद त्यांतूनच मिळतो. दुहेरी वाणांत हीच बारीक फुले पाकळ्यांसारखी होतात, त्यामुळे कीटकांना खाद्य फारसे उरत नाही आणि शरदात गोल्डफिंच पक्ष्यांना बीही मिळत नाही. याचा अर्थ सुधारित वाण टाळावेत असा मुळीच नाही. डेलावेअरमधील माउंट क्यूबा सेंटर या वनस्पती उद्यानाने फ्लॉक्सच्या वाणांची तुलना केली तेव्हा सर्वाधिक फुलपाखरे ‘जीना’ या बारीक फुलांच्या वाणावर आली. हा वाण टेनेसीत नॅशव्हिलजवळ रानातच सापडला होता आणि भुरी या पानांवरच्या बुरशीजन्य रोगालाही तो सहसा दाद देत नाही.

मोनार्डा आणि फ्लॉक्सच्या पानांवर पांढरी भुरी दिसताच फवारणीकडे धावण्याची गरज नसते. झाडे दाटीने लावलेली असणे आणि उन्हाळ्यात मुळे कोरडी पडणे, ही तिची नेहमीची कारणे आहेत. अंतर वाढवावे, पाणी बुडाशी द्यावे आणि दर दोन-तीन वर्षांनी मोनार्डाचे गुच्छ विभागून लावावेत. ‘जेकब क्लाइन’ हा लाल वाण भुरीला बऱ्यापैकी तोंड देतो, शिवाय हमिंगबर्ड त्यावर आवर्जून येतात.

खताचा मोह आवरावा. भरपूर नत्र मिळालेली ही झाडे उंच, लुसलुशीत होतात आणि पहिल्याच जोरदार पावसात आडवी पडतात. आपल्याकडे हारांसाठी पिकवला जाणारा गलांडा, म्हणजे गॅलार्डियासुद्धा मूळचा अमेरिकेतलाच, आणि त्याचे बहुवर्षायू संकरही हलक्या, निचऱ्याच्या जमिनीतच टिकतात.

बॅप्टिशिया आणि नारिंगी फुलांची अॅस्क्लेपिअस यांच्या बाबतीत धीर हवा. दोघांची मुळे खोल जातात, त्यामुळे जागा बदलणे त्यांना मानवत नाही. अॅस्क्लेपिअसला वसंतात कोंब इतक्या उशिरा फुटतात की अनेक जण जिवंत रोप मेले समजून उकरून टाकतात. लागवडीच्या जागी काठी खोचून ठेवली तर ही चूक टळते. बॅप्टिशियाला भरगच्च फुलायला तीन वर्षे लागू शकतात.

एकिनेशियाच्या फुलातून हिरवे झुबके निघू लागले, तर उपाय करण्याआधी झाड नीट पाहावे. विकृती फक्त मधल्या उंचवट्यावर असेल, पाने आणि खोड निरोगी असतील, तर ते सूक्ष्म कोळी (माइट) या किडीचे काम असण्याची शक्यता अधिक. अशी फुले कापून नष्ट केली की बहुधा भागते. परंतु पाकळ्याही हिरवट झाल्या असतील, पाने पिवळी पडून झाड खुरटले असेल, तर तुडतुड्यांमार्फत पसरणारा अॅस्टर यलोज हा रोग समजावा. त्यावर औषध नाही. झाड कितीही महागाचे असले, तरी मुळासकट उपटून घरच्या कचऱ्यात टाकावे, आणि आसपासच्या अॅस्टर व रुडबेकियावर पुढचे काही आठवडे नजर ठेवावी.