स्क्रिप्टमधून ऑफिसच्या सर्व्हरवरून मेल: आधी बाहेरच्या पत्त्याचं बघा

कोड लिहायच्या आधी मेल टीमकडे तिकीट टाका. सर्व्हरचं नाव आणि पोर्ट त्यांच्याकडूनच लेखी घ्या. पोर्ट ५८७ म्हणाले तर स्टार्टटीएलएस (म्हणजे जोडणी एन्क्रिप्ट करणं) आणि लॉगिन लागणार. २५ म्हणाले तर बहुधा लॉगिन नसतं, तुमच्या मशीनचा आयपी त्यांच्या यादीत आहे का एवढंच बघतात. पासवर्ड कोडमध्ये नको, हे सांगायची गरज नसावी. मेल मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडवर असेल तर ओऑथचं (पासवर्डऐवजी टोकन देऊन लॉगिन) आत्ताच विचारून घ्या. नुसत्या यूजरनेम-पासवर्डची सोय ते बंद करत चाललेत.

आता खरी गोष्ट. तिकिटात स्वतःच्या लॅपटॉपचा आयपी देऊ नका. स्क्रिप्ट ज्या सर्व्हरवर चालणार त्याचा द्या, स्टँडबाय, म्हणजे राखीव सर्व्हर, असेल तर त्याचाही. आणि स्पष्ट लिहा, ‘कंपनीबाहेरच्या डोमेनवर रिले हवा’. रिले म्हणजे त्यांच्या सर्व्हरने तुमचा मेल बाहेर पुढे पोचवणं. हे वाक्य नसेल तर ते आतल्यापुरतं उघडून तिकीट बंद करतात. कंपनीच्याच पत्त्यावरचा मेल सर्व्हर सहसा मुकाट्याने घेतो, बाहेरच्या पत्त्याला मात्र ‘५५० ५.७.१ अनेबल टू रिले’ म्हणून हाकलतो. त्यामुळे स्वतःला टेस्ट मेल टाकला, तो आला, यावरून काहीही सिद्ध होत नाही. काहीही. मागे महिनाअखेरीची स्टेटमेंटं डीलरांना अशीच ‘गेली’. सीसीतल्या आम्हा सगळ्यांना मिळाली, डीलरांपैकी एकालाही नाही, आणि लॉगमध्ये ओळीने ‘सेंट’.

‘सेंट’ का, तर पायथनच्या एसएमटीपीलिब या मेल पाठवायच्या लायब्ररीची ही खोड आहे. यादीतला एक जरी पत्ता सर्व्हरने घेतला तरी ते एरर देत नाही; नाकारलेले पत्ते डिक्शनरीत घालून गुपचूप परत करतं. सगळेच नाकारले तरच एरर, म्हणजे एक्सेप्शन, येतं. म्हणजे सीसीत ऑफिसचा माणूस ठेवला की एरर पकडायला लिहिलेला ट्राय-एक्सेप्ट असून नसल्यासारखा. एसएमटीपीलिबचं सेंडमेल फंक्शन काय परत देतं ते व्हेरिएबलमध्ये घ्या, रिकामं नसेल तर आरडाओरडा करा. आणि टेस्ट बाहेरच्या पत्त्यावर, स्क्रिप्ट चालणार त्याच सर्व्हरवरून, क्रॉन (ठरल्या वेळी स्क्रिप्ट आपोआप चालवणारा) ज्या यूजरने चालतो त्याच यूजरने. लॅपटॉपवरून चाललं हे मला सांगू नका.

पाठवणाऱ्याचा पत्ता खरा मेलबॉक्स असू द्या. नो-रिप्लाय नाव दिलंत तरी बाउन्स, म्हणजे न पोचलेल्या मेलचे निरोप, तिथेच येतात आणि ते कुणीतरी वाचायला हवेत; कोण, ते नाव आत्ताच ठरवा, ‘टीम बघेल’ म्हणजे कुणीच बघत नाही. मेल शेवटी ज्या आयपीवरून बाहेर पडतो तो एसपीएफ नोंदीत (तुमच्या डोमेनच्या नावाने कोणते आयपी मेल पाठवू शकतात त्या यादीत) आहे ना, हेही त्याच तिकिटात विचारा. ‘ऑटो-सबमिटेड: ऑटो-जनरेटेड’ हा हेडर घाला, म्हणजे सुट्टीवरच्या लोकांची आपोआप येणारी उत्तरं बरीच कमी होतात. विषय मराठीत असेल तर हेडर हाताने जोडत बसू नका, पायथनचा ईमेलमेसेज क्लास वापरा.

अटॅचमेंट मेलमधून जाताना बेस६४ या मजकुरी रूपात बदलते आणि साधारण एक तृतीयांशाने फुगते, १० एमबीची मर्यादा असेल तर फाइल सातच्या आसपासच ठेवा. वेगाची मर्यादा विचारा. एक्स्चेंज ऑनलाइनवर (मायक्रोसॉफ्टची तीच क्लाउड मेल) लॉगिन करून पाठवताना मिनिटाला ३० मेल, म्हणून मध्ये थांबे घाला.

बाकी भराभर: टाइमआउट द्या, नाहीतर स्क्रिप्ट रात्रभर लटकते. क्रॉनमध्ये पूर्ण पाथ. कुणाला गेलं याची नोंद ठेवा, अर्ध्यावर पडून पुन्हा चालवलं तर त्याच डीलरला दोनदा जायला नको. टेस्ट मोडमध्ये खरे पत्ते नकोत, पण बाहेरचा एक हवाच, स्वतःचा जीमेल चालेल. स्क्रिप्टचा सर्व्हर बदलला की आयपी बदलतो. नवं तिकीट, पुन्हा बाहेरच्या पत्त्यावर टेस्ट.