पूर्वजांच्या शोधात दुर्लक्षित राहणारी दफ्तरे

जन्म-मृत्यूच्या नोंदी आणि जनगणना संपली की शोध संपला असे अनेकजण मानतात; वास्तविक खरी माहिती बऱ्याचदा त्यापुढच्या कागदांत असते. अमेरिकेच्या १८९० च्या जनगणनेचे बहुतांश कागद १९२१ च्या आगीनंतर उरले नाहीत, तेव्हा संशोधकांनी ती पोकळी करपट्ट्या (कर भरणाऱ्यांच्या याद्या) आणि शहरांच्या नामसूची (रहिवाशांची नावे-पत्ते देणारी पुस्तके) यांनी भरून काढली.

करपट्ट्या सलग वर्षांच्या वाचाव्यात. एखादे नाव अचानक गळून त्याच मालमत्तेपुढे ‘वारस’ किंवा विधवेचे नाव आले, तर मृत्यूची नोंद नसतानाही मृत्यूचा काळ एक-दोन वर्षांच्या टप्प्यात आणता येतो.

खरेदीखत किंवा मृत्युपत्र हाती आले की मुख्य नावांइतकेच लक्ष साक्षीदार, जामीनदार आणि चतुःसीमेतील शेजारी यांच्याकडे द्यावे, कारण ही माणसे पुष्कळदा मेहुणे, जावई किंवा चुलतभाऊ निघतात. अशा नावांची वेगळी यादी ठेवून तीच नावे इतर दस्तांत पुन्हा भेटतात का, हे पाहावे. हे काम कंटाळवाणे खरे, पण माहेरकडची आडनावे इथेच सापडतात. वारसाहक्काच्या दाव्यांतील जबान्यांत तर नातेसंबंध शपथेवर सांगितलेले असतात.

शाळांच्या प्रवेशपुस्तकांत पालकाचे नाव आणि आधीची शाळा मिळू शकते. कोणत्याही दफ्तराच्या सूचीत नाव नसले तरी मूळ पाने चाळावीत. सूची करणाऱ्याने अक्षर चुकीचे लावलेले असू शकते. प्रत्येक उताऱ्याखाली दफ्तराचा आणि पानाचा क्रमांक लगेच टिपून ठेवावा.