कुत्रं चावल्यानंतरचे दहा दिवस: आधी कुलूप आणा

आपल्याच कुत्र्याने कुणाला दात लावले की घरात जी पळापळ होते, तीत यादीबिदी कुणाला सुचत नाही. म्हणून ही आधीच करून ठेवतेय. मागच्या पावसाळ्यात आमचा खंड्या शेजारच्या वहिनींच्या मुलाच्या पोटरीला कडकडून चावला. तेव्हा मी बाकी सगळं नीट केलं, फक्त फाटकाला कुलूप लावलं नाही.

जखमेचं माहीत असेलच. साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं, तीही घड्याळात बघून. हळद, चुना, तिखट, कुणाच्या आजीचं काहीही नको. मग सरळ दवाखाना. रक्त आलं असेल तर रेबीजच्या लसीबरोबर जखमेत सिरम, म्हणजे तयार प्रतिपिंडांचं औषध, टोचावं लागतं, ते शिल्लक आहे का हे निघण्याआधी फोनवर विचारा. "घरचाच आहे, दहा दिवस बघू, मग इंजेक्शन घेऊ" असं म्हणणारा एक काका प्रत्येक घरात असतो. त्याला चहा द्या आणि तुम्ही दवाखान्यात जा. लस त्याच दिवशी सुरू होते. दहा दिवस कुत्र्याला कोंडून बघण्यासाठी असतात, माणसाने थांबण्यासाठी नाहीत.

आता कुलूप. खरंखुरं, किल्लीचं. कडी म्हणजे कुलूप नव्हे. साखळीही नव्हे, पट्ट्यातून मान काढायला कुत्र्याला किती वेळ लागतो! आमच्या फाटकाला भक्कम कडी होती आणि मी निर्धास्त होते. सहाव्या दिवशी सिलिंडरवाला आला, त्याने कडी काढली, खंड्या त्याच्या पायांमधून पसार. त्या बिचाऱ्याला काय माहीत? पाटी तरी कुठे लावली होती मी? तेव्हा पाटीही लावा. पण आधी कुलूप.

दहाच दिवस का, ते सांगते, नाहीतर आठव्या दिवशी "बरा दिसतोय की" म्हणून तुम्हीच सोडाल. रेबीजचा विषाणू मेंदूत पोचल्यावर लाळेत उतरतो. लाळेत आला की थोड्याच दिवसांत कुत्रा आजारी पडतो आणि मरतो. म्हणजे चावला त्या दिवशी लाळेत विषाणू असता, तर दहाव्या दिवशी कुत्रा धडधाकट उभा राहिला नसता. हा हिशेब फक्त कुत्र्या-मांजरांना लागू आहे. माकड, मुंगूस, गाय-म्हैस चावली तर दहा दिवसांचा भरवसा धरू नका. आणि दहाव्या दिवशी कुत्रा डोळ्यांसमोर लागतो. तसा तो ठणठणीत दिसला, तर मुलाचं चौदाव्या दिवसाचं इंजेक्शन डॉक्टर गाळू शकतात. आमचा कुत्रा कुठे होता? मला काय माहीत! त्या पोराला ते इंजेक्शन घ्यावं लागलं. वहिनी एक शब्द बोलल्या नाहीत, तेच जास्त लागलं. म्हणून म्हणते, कुलूप.

जागा सावलीची, चारी बाजूंनी बंद, घरातली मांजर आत शिरणार नाही अशी. खायला घालणारं माणूस एकच, मुलं नाहीत. ताटली काठीने आत सरकवा, कुरवाळणं दहा दिवस बंद. कुत्र्याच्या लशीची तारीख उलटली असेल तर जीव खाऊन ती आत्ताच द्यायला धावू नका. लशीने ताप आला, मरगळ आली, तर ती कशाची हे कुणी ओळखायचं? दहा दिवस होऊ द्या. आणि लस वेळेवर दिलेली असली तरी कोंडायचं चुकत नाही.

कॅलेंडरवर रोज दोन शब्द लिहा: खाल्लं का, आवाज कसा. घोगरा झाला, खालचा जबडा लोंबला, लाळ गळायला लागली, पाय लटपटले, माती-लाकूड चावायला लागला किंवा नुसता अंधारात जाऊन बसला, तर लगेच पशुवैद्यांना फोन. "पाणी पितोय म्हणजे काही नाही" हे साफ खोटं. पाण्याची भीती माणसाला होते, पिसाळलेला कुत्रा पाण्यात तोंड घालतो. मेला तर पुरू नका, त्याचा मेंदू तपासायला लागतो. हात न लावता पशुवैद्यांना बोलवा. आणि संतापाने त्याला मारून टाकू नका, मग बघायचं कुणाकडे?

कुलूप लावलं ना?

दुसरी भानगड उलटी, म्हणजे आपल्या कुत्र्यालाच कुणी अनोळखी कुत्रं चावलं तर. खंड्या सतराव्या दिवशी परत आला, धडधाकट, पण कान फाटलेला. कुणी फाडला, देव जाणे. इथे दहा दिवस पुरत नाहीत, कारण आता विषाणू अंगात शिरला असेल तर तो मेंदूत पोचायला आठवडे लागतात. जखम साबणाने धुवा, हातमोजे घालून. लस आधी दिलेली असेल तर लगेच बूस्टर, म्हणजे लशीचा पुन्हा एक डोस, आणि पंचेचाळीस दिवस नजरेखाली. कधीच दिली नसेल तर चार ते सहा महिने कोंडणं. आम्ही पंचेचाळीस काढले. बाकी तेच: एक माणूस, काठी, कॅलेंडर. गाईला चावलं तर दूध उकळल्याशिवाय नको, आणि पशुवैद्य.

किल्ल्या दोन. एक माझ्या कमरेला, दुसरी सासूबाईंच्या पानाच्या डब्यात. खिळ्याला टांगायची नाही.