गळ टाकण्याआधी पाणी कुणाचं ते विचारा

मागच्या दिवाळीत भाचा पुण्याहून आला तो पाठीला लांबडी पिशवी अडकवूनच. आत नवाकोरा रॉड, रीळ, प्लास्टिकचे रंगीत मासे, चिमटा आणि एक टोपी. सगळं मोबाईलवरून मागवलेलं. चहा अर्धा टाकून म्हणाला, "मामा, चला तळ्यावर."

मी एकतीस वर्षं एसटीत कंडक्टर होतो. कुठंही निघायचं म्हटलं की आधी तिकिटाचंच डोक्यात येतं. मी विचारलं, "पावती कुणाकडून काढायची?"

तो हसला. "दोन मासे धरायला कसली पावती? पाणी काय कुणाच्या बापाचं आहे का?"

आहे ना. बहुतेक ठिकाणी कुणाचं तरी असतंच. पाण्याला कुंपण नसतं म्हणून ते मोकळं वाटतं, एवढंच. त्या दिवशी बांधावर बसून त्याला जे सांगितलं ते इथं लिहून काढतोय. आमच्याकडं, म्हणजे इंदापूर-दौंडच्या पट्ट्यात, हौसेला गळ टाकणारी पोरं हल्ली वाढलीत आणि त्यातली निम्मी तरी पहिल्याच दिवशी कुणाशी तरी भांडून परत येतात.

धरणाची भिंत आणि जमीन जलसंपदा खात्याची. गावात अजून त्याला इरिगेशनच म्हणतात. पण त्या पाण्यातले मासे धरायचा हक्क वेगळा. तो मत्स्यव्यवसाय खात्याकडून ठेक्यानं दिला जातो आणि बहुतेक तलावांवर तो स्थानिक मच्छीमार सहकारी संस्थेकडं असतो. गावतळं असेल तर ग्रामपंचायत किंवा जिल्हा परिषद मध्ये येते. शेततळं असेल तर सरळ मालकाला विचारायचं. कुठल्या तलावाचा ठेका कुणाकडं आहे हे जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात कळतं, पण त्यासाठी तिथपर्यंत जायची वेळ सहसा येत नाही. सकाळी सातच्या सुमाराला काठावर जा. रात्रीची जाळी काढून मासे वजनकाट्यावर चढत असतात. तिथं वही घेऊन जो बसलेला असतो त्याला विचारा. तो एक तर संस्थेचा असतो, नाही तर संस्थेचा कोण ते त्याला माहीत असतं.

संस्था पैसे का मागते, हे भाच्याला पटवायला जरा वेळ लागला. तलावातला कटला आभाळातून पडत नाही. कटला, रोहू, मृगळ हे मासे साठलेल्या पाण्यात अंडी देत नाहीत, त्यांना पुराचं वाहतं पाणी लागतं. म्हणून तलावात बीज बाहेरून आणून सोडावं लागतं. अगदी बारीक असतं ते मत्स्यजिरे, आणि बोटाएवढं वाढलं की बोटुकली. ही बोटुकली संस्था पैसे मोजून आणते, पाऊसपाणी झालं की सोडते आणि ती वाढायची वाट बघत बसते. तुम्ही दोन किलोचा कटला काढून फोटो टाकता, तेव्हा त्याचं बी कुणीतरी उधारीवर आणलेलं असू शकतं.

विचारताना गोलगोल बोलू नका. हौसेसाठी आलोय, दोन रॉड आहेत, अमुक कडेला बसणार, अंधार पडायच्या आत उठणार, असं सरळ सांगा. मासा नेणार असाल तर किलोचा भाव आधी ठरवा. सोडून देणार असाल तर तेही सांगा, पण त्यावर कुणी लगेच विश्वास ठेवेल अशी अपेक्षा नको. शक्य असेल तर कागदावर तारीख टाकून पावती घ्या. दुपारी दुसराच माणूस होडी घेऊन येतो आणि त्याला सकाळचं काही माहीत नसतं. 'नाही' म्हणाले तर 'बरं' म्हणून उठायचं. आणि हौसेचा मासा विकायचा नाही, अगदी शेजाऱ्यालाही. विकला की तुम्ही गळवाले राहिला नाहीत, परवान्याशिवायचे मच्छीमार झालात.

हे शहाणपण मला फुकट मिळालेलं नाही. नोकरीत असताना एका सुट्टीच्या दिवशी एका पाझर तलावावर बसलो होतो. ज्याच्या रानातून वाट होती त्या शेतकऱ्यानं "बसा की, आपलंच आहे" असं सांगितलं होतं. तासाभरात संस्थेची चार माणसं आली. दोन्ही काठ्या उचलून नेल्या आणि गावासमोर मला तासभर उभं केलं. ज्या माणसानं जन्मभर विनातिकीट लोकांना खाली उतरवलं, त्याला त्या दिवशी कसं वाटलं असेल ते समजून घ्या. शेतकरी खोटं बोलला नव्हता. बांध त्याचाच होता, पाणी नव्हतं.

काही पाण्यांवर मात्र विचारायलाही जाऊ नये. अभयारण्य आणि राष्ट्रीय उद्यान इथं १९७२ चा वन्यजीव कायदा लागतो. पेंचचं तोतलाडोह किंवा व्याघ्र प्रकल्पात येणारा कोयनेचा शिवसागर, तिथं गळ टाकणं हा वनखात्याचा गुन्हा होतो आणि "मला माहीत नव्हतं" हे ऐकून घेतलं जात नाही. पिण्याच्या पाण्याच्या तलावांवर पाटी असते, ती वाचा. मुळशी, वळवण, शिरवता, ठोकरवाडी हे तलाव टाटांचे, त्यांच्या परवानगीचं पाणी. मुंबईत पवईला महाराष्ट्र स्टेट अँगलिंग असोसिएशन आहे. तिथं त्यांच्या नियमात राहून बसता येतं, आणि नवशिक्याला शिस्त लागायला ती जागा चांगली.

देवाचे डोह हा आणखी एक प्रकार. देहूची इंद्रायणी, वाडा तालुक्यातलं वैतरणेवरचं तिळसेश्वर, महाड तालुक्यातला वाळणकोंड. इथले मासे लोक देवाचे मानतात, त्यांना मुरमुरे घालतात. कायद्याचं कलम काढून दाखवायची गरज पडत नाही. तिळसे आणि वाळणकोंडला जे मोठ्ठे मासे डोळ्यांनी दिसतात ते महाशीर. याच जातीचं पहिलं शास्त्रीय वर्णन साईक्स नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं १८३९ साली केलं, तेही आपल्या पुण्याजवळच्या मुळा-मुठेच्या माशावरून. जातीचं नाव 'खुद्री' पडलं ते तेव्हाच. आज मुळा-मुठेकडं बघून हे खरं वाटत नाही. लोणावळ्याला टाटांच्या केंद्रात १९७० च्या दशकापासून महाशीरचं बीज तयार करून पाण्यात सोडतात, म्हणून सह्याद्रीच्या काही तलावांत तो गळाला लागू शकतो. लागलाच तर मासा पाण्यातच ठेवून गळ काढा आणि जाऊ द्या. माझा तरी यात दुसरा विचार नाही.

आता वेळ. मृगाचा पाऊस कोसळला, ओढे फुगले की मासे उलटे वर चढतात. कोकणात ह्यालाच चढणीचे मासे म्हणतात, आणि रात्री बत्ती घेऊन ते धरायला गाव लोटतं. ज्याला त्यात मजा वाटते त्यानं एकदा पोट चिरून बघावं. आत गाबोळी ठासून भरलेली असते. एक मादी म्हणजे हजारो अंडी, ती वर पोचायच्या आधीच कालवणात. समुद्रातल्या मासेमारीला सरकार १ जूनपासून बंदी घालतं ते ह्याच कारणानं. तलावांवर आणि नद्यांवर तिथल्या तिथल्या संस्थेचा, जिल्ह्याचा नियम काय ते विचारावं लागतं. मी नियमाची वाट बघत नाही. मृग लागला की काठ्या माळ्यावर, त्या गौरी-गणपती झाल्यावरच खाली.

त्याच दिवसांत काठालगत गवतात एक गंमत दिसते. बारीक लालसर पिल्लांचा एक पुंजका पाण्याच्या वर येतो, खाली जातो, पुन्हा वर येतो. ती मरळ माशाची पिल्लं. खाली आई-बाप राखणीला असतात आणि पुंजक्याजवळ काहीही हललं की चवताळून अंगावर येतात. म्हणूनच तिथं रबरी बेडूक टाकला की मरळ हमखास लागते. भाच्यानं असा व्हिडिओ बघितला होता, टाळ्याबिळ्या वाजवलेला. मी म्हटलं, राखण गेली की ती पिल्लं तासाभरात बाकीच्या माशांच्या पोटात जातात. यात कसली शिकार आलीय? भुकेल्या मरळीला फसवून दाखव, मग टाळ्या वाजवू.

हत्यारांचं थोडक्यात. एका माणसाला दोन काठ्या पुष्कळ. एका तंगुसाला, म्हणजे गळाच्या नायलॉन दोरीला, एक गळ. तीन काट्यांचा गळ पाण्यात फिरवून झटके मारायचे आणि माशाच्या पाठीत, पोटात कुठंही रुतवायचा, याला गळ टाकणं म्हणत नाहीत. गळाचा उलटा काटा चिमट्यानं दाबून सपाट करा. मासा सोडायला सोपं जातं, आणि स्वतःच्या बोटात घुसला तर दवाखाना वाचतो. आमिषाला कणीक, शेंगदाण्याची पेंड, थोडा हिंग किंवा बडीशेप, नाही तर गांडूळ. पाच-पाच किलो चारा ओतू नका, न खाल्लेला तळाशी सडतो. जिवंत बेडूक लावायचा नाही.

तोटे, करंट आणि पावडर यांच्याबद्दल मी कुणाशी चर्चा करत नाही. जिलेटीनचा तोटा उडवणं, तारेवर आकडा टाकून पाण्यात करंट सोडणं, टीसीएल (ब्लीचिंग पावडर) किंवा फवारणीचं औषध डोहात ओतणं. स्फोटक आणि विष यांना १८९७ च्या इंग्रजी कायद्यातच मनाई होती: दोन महिन्यांपर्यंत कैद, नाही तर दोनशे रुपयांपर्यंत दंड. तेव्हाचे दोनशे म्हणजे सोनं झालं. महाराष्ट्रानं पुढं १९६० चा स्वतःचा मत्स्यव्यवसाय कायदा केला, त्यातही ही मनाई राहिली. असं कुणी करताना दिसलं तर लांब जाऊन पोलिसांना फोन करा. तिथं जाऊन शहाणपण शिकवू नका. ज्याच्या हातात तोटा आहे त्याच्याशी वाद घालायचा नसतो.

मासा काढल्यावर काय करायचं हे कुणी शिकवत नाही. हात ओले करून धरा, कोरड्या हाताला त्याचा बुळबुळीत थर निघून येतो आणि मग जखमा चिघळतात. तापलेल्या दगडावर ठेवायचा नाही, ओलं पोतं अंथरा. गळ खोल गिळला असेल तर ओढाओढ करू नका, तंगूस तोंडाशी कापा. किलोच्या आतला कटला-रोहू परत, तो अजून संस्थेची ठेव आहे. कासव लागलं तर तंगूस तोंडाजवळ कापून लगेच सोडा. घरी न्याल तर वन्यजीव कायद्यात अडकाल.

परत न सोडायचेही मासे आहेत. मिशांचा आफ्रिकन मांगूर, ज्याच्यावर केंद्रानं २००० साली बंदी घातली. पैदाशीच्या तळ्यांतून निसटून तो नद्यांत शिरलाय आणि जे समोर येईल ते खातो. उजनीत दुसरा एक पाहुणा सापडतो, खरखरीत पाठीचा, घरातल्या काचेच्या टाक्यांतून सुटलेला. त्याला सगळे 'हेलिकॉप्टर' म्हणतात. खायच्या कामाचा नाही, उलट जाळी फाडतो. हे दोन्ही पाण्यात परत टाकायचे नाहीत, संस्थेच्या माणसाला दाखवायचे. चिलापीसुद्धा बाहेरचीच, पण भिगवणला ती तळून खायला लोक पुण्याहून येतात, तेव्हा तिला आता पाहुणी म्हणायची सोय राहिली नाही. एका तळ्यातला मासा दुसऱ्या तळ्यात हौसेनं सोडणं मात्र कधीच नको.

जिवाचं शेवटी सांगतोय, पण ते आधी पाळा. सांडव्याच्या खाली बसायचं नाही. भोंगा वाजल्यापासून पाणी यायला किती वेळ लागेल याचा अंदाज कुणाचाच बरोबर नसतो. उजनीचं पाणी उन्हाळ्यात मागं सरकलं की कडेचा गाळ वरून वाळलेला दिसतो आणि आत माणूस मांडीपर्यंत रुततो. काठी टेकवत चाला. काठावर शेतीपंपांच्या केबली लोळत असतात आणि डोक्यावर तारा असतात. नवे रॉड कार्बनचे, त्यातून वीज वाहते. फेकताना आधी वर बघा. सांगलीकडं कृष्णेला जाणार असाल तर पाय पाण्यात सोडून बसू नका, तिथं मगरी आहेत.

तर त्या दिवशी पावती काढली आणि बसलो. वही सांभाळणाऱ्या बाबांनी भाच्याच्या रंगीत माशांकडं बघून विचारलं, "हे पोराचं खेळणं का?" मग स्वतःच खाली बसून त्याला गळाची गाठ घालून दाखवली. दुपारपर्यंत दोन चिलाप्या मिळाल्या, तळहाताएवढ्या. तिसऱ्या फेकीला रंगीत मासा पाण्यातल्या बाभळीला अडकला आणि तंगूस तुटून तिथंच लोंबत राहिलं. तो म्हणाला, "जाऊ दे मामा, दीडशेचाच होता." मी समोर बोट केलं. त्याच बाभळीवर पाणकावळे पंख पसरून वाळत बसले होते, आणि अजून महिनाभरात रोहित पक्षी यायचे होते. पायात गुंतलेलं तंगूस सोडवायला पाखरांना हात नसतात.

बाबांची होडी मागून घेतली. भाचा गेला, बाभळीचे काटे खाल्ले, पण मासा आणि सगळं तंगूस गुंडाळून आणलं. पावती अजून त्याच्या मोबाईलच्या कव्हरमागं आहे, शाई पुसट झालेली.